फजरचा हिरवा स्टिकर

रमजान लागायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मक्तबच्या, म्हणजे मुलांना कुरआन पढवायच्या वर्गाच्या, भिंतीवर तक्ता चढतो. डावीकडे मुलांची नावं, वर तारखा, आणि प्रत्येक तारखेखाली पाच नमाजांचे पाच बारीक चौकोन: फजर (पहाटेची), जोहर (दुपारची), असर (उतरत्या दुपारची), मगरिब (सूर्यास्ताची), इशा (रात्रीची). नमाज वेळेवर झाली तर हिरवा स्टिकर, कजा, म्हणजे वेळ टळल्यावर, झाली तर पिवळा, बुडाली तर चौकोन कोरा. स्टिकरांची पाकिटं सांगलीच्या गणपती पेठेतून घाऊक येतात. पोरांनी घरी पढलेली नमाज मुलांना पढवणाऱ्या हाफिजसाहेबांना कुठून दिसणार? म्हणून प्रत्येकाला एक छोटी वही आणि तिच्यात रोज आईची किंवा अब्बांची सही. सही दाखवा, स्टिकर घ्या. ईदनंतर ज्याचे हिरवे जास्त, त्याला स्टेजवर बोलावून बक्षीस. पाण्याची बाटली, कंपासपेटी, जेवणाचा डबा, जानमाज असं चढत चढत प्रकरण आता सायकलपर्यंत आलं आहे.

मी मिरजेत राहते. दिवसा मराठी शाळेत शिकवते आणि असर ते मगरिब मोहल्ल्यातल्या मुलींना कायदा आणि सिपारे पढवते. कायदा म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पातळ पुस्तक. ते संपलं की कुरआनचे तीस भाग, म्हणजे सिपारे, एकेक करून सुरू होतात. मक्तबच्या कमिटीत मीही आहे. बैठकीत सगळं ठरून झालं, चहा आला, की कुणीतरी म्हणतं, "आपा, तुमचं काय म्हणणं?"

तक्त्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की तो पोरांना खोटं बोलायला शिकवतो.

एका मुलाची फजरची ओळ महिनाभर सलग हिरवी होती. त्याची आई लक्ष्मी मार्केटात कोथिंबिरीच्या पेंड्या चाळताना भेटली. मी पोराचं कौतुक केलं, तर बाई ओशाळली. "कहाँ उठतै आपा, सेहरी खाया की अजानके पैले सो जातै. स्टिकर नै मिल्या तो दिनभर रोतै. क्या करू मैं, करदी सही." मग पेंडी पिशवीत टाकत म्हणाली, "पन रोजे पूरे करा हां. एकबी नै छोड्या." रोज्याला तक्त्यात रकाना नव्हता.

त्या बाईला नावं ठेवायचं मला काही कारण दिसत नाही. हिरव्या ओळी मी नंतर जरा बारकाईनं पाहू लागले. काही सह्या एकाच बैठकीत, एकाच पेनानं आठवडाभराच्या केलेल्या असतात, हे कोणत्याही मास्तरणीला एका नजरेत कळतं. पोराला कळतं की अम्मीनं खोटी सही केली, अम्मीला कळतं की पोराला कळलं, आणि दोघंही ती वही घेऊन मशिदीत येतात. नमाजच्या नावाखाली घरात झालेला हा पहिला व्यवहार.

हे फक्त आमच्याकडे होतं असं नाही. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथं चौथीतल्या एका मुलाला मैदानात दहाची नोट सापडली. त्यानं ती आणून दिली. परिपाठाला त्याचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, मुख्याध्यापकांनी पेन दिलं. दुसऱ्या दिवशी दोघांना पैसे सापडले. आठवड्याच्या शेवटी मुख्याध्यापकांच्या खणात एक-एक, दोन-दोन रुपयांच्या नाण्यांचा ढीग, आणि दर सकाळी रांगेत पोरं उभी: "सर, मला हे पाण्याच्या टाकीपाशी सापडले." हरवल्याची तक्रार घेऊन कुणीच येईना, कारण हरवलं कुणाचंच नव्हतं. शेवटी एक आई विचारायला आली की रोज खाऊला पैसे देऊनही पोरगी उपाशी का येते. मुख्याध्यापक हुशार होते. कुणाला रागावले नाहीत. पेन आणि टाळ्या बंद केल्या आणि दाराशी एक खोकं ठेवलं, सापडलेल्या वस्तूंसाठी. नाणी थांबली. टोप्या, खोडरबर, डब्याची झाकणं मात्र खोक्यात पडत राहिली. ती खरोखर हरवलेली असायची.

मुलांना बक्षीस देणं वाईट, असं मात्र मला म्हणवत नाही. तसं म्हणणाऱ्यानं आधी हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या बोलण्या-वागण्याच्या आठवणी, उघडून बघावी. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत रुबय्यी बिन्त मुअव्विज या मदिनेच्या बाईंनी सांगितलेली आठवण आहे. आशुऱ्याच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या, रोज्याला त्या आपल्या लहान मुलांनाही रोजा धरायला लावत. पोरांसाठी लोकरीची खेळणी करून ठेवत, आणि एखादं भुकेनं रडायला लागलं की ते खेळणं हातात देत, रोजा सोडायची वेळ होईपर्यंत. मला ही आठवण फार आवडते, कारण तिच्यात कुणी बाई पोराला "रड नको, पुण्य मिळेल" असं सांगत बसत नाही. भुकेलं लेकरू आहे, त्याला खेळवायचं आहे. खेळणं सगळ्यांना मिळतं, तेही रडल्यावर मिळतं.

दुसरी आठवण इमाम अहमद यांच्या संग्रहातली. पैगंबरसाहेब आपल्या चुलत्याच्या, अब्बासांच्या, मुलांना एका रांगेत उभं करायचे आणि म्हणायचे, जो माझ्यापर्यंत आधी पोहोचेल त्याला अमुक देईन. पोरं धावत सुटायची आणि त्यांच्या पाठीवर, छातीवर येऊन आदळायची. ते सगळ्यांना कवटाळून मुके घ्यायचे. पहिला कोण आला, हे सांगणाऱ्यानं सांगितलंच नाही.

इब्राहीम बिन अदहम यांच्याबद्दलही नोंदलेलं आहे की त्यांचे वडील त्यांना एक हदीस पाठ केली की एक दिरहम द्यायचे. हे तेच इब्राहीम, पुढं सगळं सोडून फकिरी पत्करलेले, सूफींच्या मांदियाळीतले बल्खचे. म्हणजे बालपणी पैसे मिळाले म्हणून माणूस आयुष्यभर पैशाला चिकटतो असंही नाही.

आणि तिसरी गोष्ट मी कमिटीत मुद्दाम सांगते. अबू दाऊद यांच्या संग्रहात अब्दुल्ला बिन आमिर सांगतात की लहानपणी आईनं त्यांना हाक मारली, "ये, तुला काहीतरी देते." पैगंबरसाहेब घरात बसले होते. त्यांनी आईला विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. ते म्हणाले, दिला नसतास तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. आमच्याकडे रमजानचं बक्षीस एकदा बकरी ईदही उलटून गेल्यावर वाटलं. "निधी आला नव्हता." तोवर पोरं रोज विचारत होती, आणि आम्ही मोठी माणसं रोज "देंगे, देंगे" म्हणत होतो.

इमाम गजाली (१०५८ ते ११११) या इस्लामी विचारवंतांनी मुलांच्या संगोपनावर जे लिहिलं ते आजच्या बी.एड.च्या वर्गात वाचून दाखवावं इतकं नेमकं आहे. मुलात चांगला गुण दिसला की त्याचा मान करा, त्याला आनंद होईल असं काही द्या, चारचौघांत त्याची तारीफ करा. एखाद्या वेळी चुकलं तर लक्ष नसल्यासारखं करा, त्याची झाकली मूठ उघडू नका, विशेषतः तो स्वतःच लपवायला बघत असेल तर. पुन्हा चुकला तर एकांतात समजावा. मक्तबमधून आल्यावर त्याला खेळू द्या, नाहीतर मन मरतं. आमचे हाफिजसाहेब गजालींचं पहिलं वाक्य तक्त्याच्या बाजूनं सांगतात. दुसरं वाक्य त्यांच्याही लक्षात आहे, पण तक्त्याचे कोरे चौकोन तर सगळ्या मोहल्ल्यापुढं उघडे असतात. चुकीकडं काणाडोळा करायला भिंतीवर जागाच राहत नाही. शिवाय गजालींच्या वाक्यात गुण आधी "दिसतो", मग बक्षीस येतं. बक्षीस आधी टांगून गुण मागवायचा, हे त्यांनी कुठं सांगितलंय? त्याच ग्रंथात पुढं दिखाव्यावर, रियावर, एक अख्खा भाग आहे. तो लहान मुलांसाठी नाही, मोठ्यांसाठी आहे. पण मोठी माणसं कुठून येतात?

खजिनदार चाचांना हे सगळं ऐकून जांभई येते. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे. माणूस दिलदार. सायकलींचे पैसे निम्मे त्यांच्याच खिशातून जातात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: "आपा, हमालाला हमाली रोख दिल्याशिवाय तो पोतं उचलतो का? पोरांनाही दिसलं पाहिजे समोर काहीतरी." आणि आकडे त्यांच्या बाजूनं बोलतात. सायकल जाहीर झाली त्या रमजानला मुलांच्या सफा, म्हणजे नमाजेच्या रांगा, दुप्पट झाल्या. झोपडपट्टीतली, कधी मशिदीची पायरी न चढलेली पोरं आली. त्यातली थोडी ईदनंतरही येत राहिली. ही गोष्ट लहान नाही, आणि तिच्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

पण हमालीचं उदाहरण मला खटकतं. हमाली हा हक्क आहे. हमालानं पोतं उचललं, पैसे त्याचे. अडत्यानं खूश होऊन दिलेले नव्हेत. माझं माहेर साताऱ्याकडचं, कोरेगावचं, आणि माझं शिक्षण रयतच्या शाळेत झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात संस्था सुरू केली, १९२४ मध्ये साताऱ्याला आणली, आणि सगळ्या जातिधर्मांची पोरं एका वसतिगृहात ठेवली. पोरं पाणी भरत, स्वयंपाक करत, शेतात राबत, आणि त्यावर शिकत. "कमवा आणि शिका" आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. तिथं कष्टाचा मोबदला शिक्षण होतं, आणि तो ताठ मानेनं घ्यायचा होता. चाचांना मी म्हटलं, नमाजचा असा हिशेब मांडायचा असेल तर मालक कोण ते ठरवा. पोरानं नमाज पढली ती कुणासाठी, आणि हमाली कोण देतंय? चाचा हसले. "तुम्ही मास्तर लोक शब्दात पकडता."

सायकलीची कल्पना आमच्या चाचांची नव्हे. तुर्कस्तानातल्या मशिदींत, चाळीस दिवस जमातीनं, म्हणजे मशिदीत सगळ्यांबरोबर, नमाज पढणाऱ्या मुलांना सायकली दिल्या गेल्या, रंगीत सायकलींच्या रांगेपुढं उभ्या पोरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, आणि मग आपल्याकडच्या मशिदींतही तीच टूम निघाली. चाळीस हा आकडा हवेतून आलेला नाही. तिर्मिजींच्या संग्रहात हदीस आहे: जो चाळीस दिवस अल्लाहसाठी जमातीनं, पहिली तकबीर (नमाज सुरू करणारा 'अल्लाहु अकबर') न चुकवता नमाज पढेल, त्याच्यासाठी दोन मुक्त्या लिहिल्या जातात. एक आगीपासून, दुसरी निफाकपासून. निफाक म्हणजे आत एक आणि बाहेर एक. दांभिकपणातून सुटका हे ज्या चाळीस दिवसांचं फळ सांगितलं आहे, त्याच चाळीस दिवसांच्या शेवटी आपण सायकल उभी करतो! पोरगं चाळिसाव्या दिवशी सिजद्यात असताना त्याच्या डोळ्यापुढं काय असेल, हे सांगायला कुणी मौलाना नको. मी त्याच्या वयाची असते तर मलाही घंटीच दिसली असती.

या विषयावर मानसशास्त्रज्ञांनीही डोकं लावलेलं आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. आधीच स्केचपेननं चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला न सांगता, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं सहज ठेवून दिली आणि कोण किती वेळ काढतं ते पाहिलं. आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांवर तसा परिणाम दिसला नाही. पुढं १९९९ मध्ये एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे १२८ प्रयोग एकत्र ताडून पाहिले. आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसानं आतली ओढ कमी होते, हे पुन्हा दिसलं. पण एक अपवादही दिसला, आणि तो मक्तबच्या बाईसाठी सोन्यासारखा आहे: काम मुळातच कंटाळवाणं असेल तर बक्षिसानं काही बिघडत नाही. जी ओढ नव्हतीच ती कमी कशी होणार?

आता कायदा कंटाळवाणा असतो, हे कबूल करायला हरकत नाही. 'ऐन'चा उच्चार घशाच्या कुठल्या भागातून काढायचा हे संध्याकाळी पाच वाजता, शाळा आणि ट्यूशन करून आलेल्या सहा वर्षांच्या मुलीला शिकवून बघा. तिथं मी बिनधास्त लालूच दाखवते. तख्ती, म्हणजे कायद्यातला एक धडा, संपली की खजूर. जोडाक्षरांचा धडा संपला की पेन्सिल. चुरमुऱ्याचा लाडूसुद्धा दिला आहे. 'ऐन' नीट आला की नाही हे माझ्या कानाला कळतं, तिला खोटं बोलायला वाव नाही, आणि लाडवामुळं तिचं ईमान काही धोक्यात येत नाही.

नमाज मात्र 'ऐन'सारखी नाही. खरं बोलणं तर त्याहून नाही.

इंडोनेशियातल्या शिक्षकांचं लिखाण वाचताना मला आमचाच तक्ता दिसला. तिथले मदरसे म्हणजे पूर्ण शाळा: इब्तिदाइया, सानविया, आलिया, सहा, तीन आणि तीन वर्षांच्या. गणित-विज्ञानासकट सगळं शिकवणाऱ्या, १९७५ च्या तीन मंत्र्यांच्या संयुक्त निर्णयानंतर सरकारी शाळांच्या बरोबरीनं धरलेल्या. २०१७ मध्ये तिथं राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं चारित्र्यशिक्षण शाळांच्या कामात आलं आणि मूल्यांच्या यादीत धार्मिकता पहिली. धार्मिक वागणुकीसाठी बक्षीस द्यावं का, कसं द्यावं, यावर तिथले शिक्षक मनापासून लिहितात. रमजानात शाळेकडून मुलांना एक छापील वही मिळते; रोजे, नमाज, तरावीह (रमजानातली रात्रीची जादा नमाज) यांची नोंद करायची, आणि तरावीहनंतर इमामांची सही घ्यायची. सलाम फिरला की पोरं वह्या उघडून इमामांभोवती गराडा घालतात. तिथल्या मोठ्या माणसांना ती धक्काबुक्की आठवली की हसू येतं, आणि त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नसतो. सही घरात बसून होत नाही, मशिदीत यावंच लागतं. आमच्या वहीपेक्षा ती वही बरी, एवढं मी मान्य करते.

आमच्या बक्षीस समारंभात सूरह पाठांतराची स्पर्धा असते. एका वर्षी लहान गटाला सूरह माऊन होती. सातच आयती, अम्म सिपाऱ्यातली, म्हणजे शेवटच्या भागातली, प्रत्येक पोराला तोंडपाठ. एका चिमुरडीनं फार गोड पढली, सगळ्या हॉलनं "माशाअल्लाह" म्हटलं, आणि तिला स्टीलचा तीन पुडांचा डबा मिळाला. त्या सूरतमध्ये काय आहे? अनाथाला धुडकावणाऱ्याबद्दल आहे. भुकेल्याला खाऊ घालायला कुणाला न सांगणाऱ्याबद्दल आहे. आणि मग धिक्कार आहे तो नमाज पढणाऱ्यांचाच: जे नमाजेबद्दल गाफील आहेत, जे लोकांना दाखवायला करतात, आणि जे रोजच्या वापरातली बारीकसारीक वस्तूही शेजाऱ्याला देत नाहीत. जुन्या टीकाकारांनी इथं बादली, पातेलं, कुऱ्हाड अशी यादीच दिली आहे. स्टेजवर कमिटी होती, पाहुणे होते, माइक होता. अर्थ कुणी सांगितला नाही. मी पुढच्या सोमवारी मुलींना सांगितला. एक म्हणाली, "आपा, बादली नै दिए तो भी?" मग अर्धा तास कुणाच्या शेजारणीनं काय दिलं नाही याच्या इतक्या सुरस कथा निघाल्या की मगरिबची अजान झाली तरी वर्ग उठेना.

मग रोज्याचं काय? तक्त्यात रकाना नसलेल्या त्या रोज्याचं? माझं सगळं म्हणणं खरं तर तिथं येऊन टेकतं. एप्रिल-मेमधला मिरजेचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल. रमजान त्या महिन्यांत आला होता तेव्हा नऊ-दहा वर्षांची पोरं दुपारी नळावर वुजू, म्हणजे नमाजेआधीची हातपाय-तोंड धुणी, करताना मी पाहिली आहेत. तोंडात गार पाणी घेतात, चूळ भरतात, आणि थुंकतात. सगळं. एक घोट आत गेला तर जगात कुणाला कळणार? एक मुलगा तर थुंकून झाल्यावर जीभ बाहेर काढून बाहीनं पुसत होता, चुकून थेंब राहिला असेल म्हणून. त्याच्यावर कुणाची सही नव्हती. हदीस-ए-कुदसीत, म्हणजे पैगंबरसाहेबांनी अल्लाहचे म्हणून सांगितलेल्या बोलात, अल्लाह म्हणतो, रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन. हे वाक्य त्या पोरानं ऐकलं असेल-नसेल; पण घरात आजी, आई, मोठी बहीण, सगळे उपाशी आहेत आणि आपण त्यांच्यातले एक आहोत, एवढं त्याला पुरेसं होतं.

आणि त्याचं कौतुक होत नाही असं थोडंच आहे! पहिल्या रोज्याला आमच्याकडे रोजाकुशाई होते. पोराला नवे कपडे, गळ्यात फुलांचे हार, ओंजळभर खजूर, शेजारपाजारच्या बायका, पंचवीस-पन्नासच्या नोटा, मावशीकडून घड्याळ. हेही बक्षीसच की. पण ते पहिलं आलं म्हणून मिळत नाही, दुसऱ्यापेक्षा जास्त केलं म्हणून मिळत नाही. ज्याचा रोजा त्याची रोजाकुशाई, आणि दर वर्षी नाही, आयुष्यात एकदाच. तसंच कुरआन पहिल्यांदा पुरं झाल्यावरचं आमीन. शेजारच्या पाटीलवहिनी माझ्या मुलीच्या आमीनला कंदी पेढे घेऊन आल्या होत्या, खास साताऱ्याहून मागवून. कितवा नंबर, असं त्यांनी विचारलं नाही.

न सांगता दिलेलं बक्षीस नेहमी सुखरूप असतं असंही मात्र नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं तेव्हा मिरजेतून रोज जेवण जात होतं. मक्तबची मोठी पोरं-पोरी रोट्या मोजून पाकिटात भरत होती, बिस्किटांची खोकी टेम्पोत चढवत होती. कोण किती करतंय हे कुणी लिहून ठेवलं नाही, वेळच नव्हता. सगळं ओसरल्यावर कुणाला तरी वाटलं, पोरांना प्रमाणपत्र द्यावं. हेतू निर्मळ होता. यादी झाली, छापून आली, आणि दोन मुलींची नावं राहिली. एकीनं मक्तब सोडलं. जिला मिळालं तिनं मैत्रिणीला ऐकवलं की तू तर फक्त दोनच दिवस आली होतीस. पुराच्या पंधरवड्यात ज्या पोरी एकमेकींच्या वेण्या घालून देत होत्या, त्या प्रमाणपत्रानंतर हिशेब काढू लागल्या. तेव्हापासून मदतीच्या कामाला आमच्याकडे प्रमाणपत्र नाही. एवढं एक कमिटीनं माझं ऐकलं. गजाली म्हणतात तसं तारीफ मी करते, पण कामाचं नाव घेऊन: "आज कोपऱ्यातल्या चपला कुणीतरी जोडीनं लावून ठेवल्या, येताना बरं वाटलं." जिनं लावल्या तिला कळतं. बाकीच्या एकमेकींकडे बघतात. दुसऱ्या दिवशी चपला लावायला झुंबड उडते हेही खरं, आणि चार दिवसांनी ती ओसरते.

या रमजानसाठी मुलींच्या वर्गात तक्ता लावणार नाही असं मी सांगून टाकलं आहे. हाफिजसाहेब हो म्हणाले, थोडे सुटल्यासारखे. रोज संध्याकाळी दीडशे चौकोनांत स्टिकर चिकटवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. मुलांच्या वर्गात तक्ता राहील. सायकलीबद्दल मी सुचवलं की महिनाभर येणाऱ्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून काढा, म्हणजे चढाओढ तरी नको. त्यावर एक सदस्य म्हणाले, चिठ्ठी म्हणजे जुगार तर होत नाही ना, मुफ्तीसाहेबांना विचारू. पैसे कुणी लावलेच नाहीत तर जुगार कसला, असं दुसरे म्हणाले, आणि चहा दोनदा झाला.

चाचांनी मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून सायकलींचा भाव आधीच काढून आणलाय. यंदा दोन, एक मुलाला आणि एक मुलीला, आणि मुलीची सायकल माझ्या हस्ते. मी म्हटलं, येते, पण एका अटीवर: नाव पुकारताना कुणाच्या किती नमाजी झाल्या ते माइकवर सांगायचं नाही. चाचा म्हणाले, "विचार करतो." आमच्या कमिटीत याचा अर्थ काय होतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.